अकरावी-बारावीला कलेचा इतिहास: उत्तरात ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ म्हणजे नेमके काय?

कोरी चौकट

नमस्कार. मी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि कलेचा इतिहास हा विषय मी गेल्या वर्षी स्वतःच्या आवडीने घेतला. मला चित्र काढता येत नाही, पण चित्रांविषयी वाचायला आवडते. इतिहासाचीही गोडी असल्यामुळे हा विषय मला सहज जमेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सराव परीक्षेतल्या माझ्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या समासात एकच शेरा आला आहे: ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही.’ तारखा, नावे, माध्यम हे सगळे बरोबर असूनही निम्मे गुण जातात. शेऱ्याचा अर्थ विचारला तर ‘अजून खोलात जा’ एवढेच उत्तर मिळते, आणि खोलात म्हणजे कोणत्या दिशेने जायचे, हे मात्र मला उमगत नाही.

नमुन्यादाखल माझे एक उत्तर जसेच्या तसे देत आहे. चित्र यान व्हान आइक याचे ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे आहे.

‘हे चित्र यान व्हान आइक याने १४३४ मध्ये तैलरंगात काढले. चित्रात एक पुरुष व एक स्त्री हातात हात देऊन उभे आहेत. पुरुषाने मोठी काळी टोपी घातली आहे, तर स्त्रीचा पोशाख हिरवा आहे. स्त्री गरोदर आहे. खाली कुत्रा आहे, तो निष्ठेचे प्रतीक आहे. झुंबरात एकच मेणबत्ती जळत आहे, ती ईश्वराचे प्रतीक आहे. मागे आरसा आहे. हे चित्र म्हणजे विवाहाचा दाखला आहे. चित्र अतिशय सुंदर व वास्तववादी आहे.’

यात काय कमी आहे, हे कोणी वाक्यावर बोट ठेवून सांगितले तर आभारी राहीन.

गवाक्ष

वयाने लहान आहेस असे धरून एकेरीत लिहितो. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला असून तुझ्या समासातला तो शेरा मीही असंख्य उत्तरपत्रिकांवर मारला आहे. त्याचा खुलासा करायला मात्र वेळ काढला नाही, त्यामुळे हे उत्तर लिहिताना थोडी भरपाई केल्यासारखेही वाटते आहे.

तुझ्या उत्तरात दोन जातींची विधाने एकमेकांत मिसळली आहेत. ‘खाली कुत्रा आहे’ हे तू डोळ्यांनी पाहिलेस. ‘तो निष्ठेचे प्रतीक आहे’ हे तू वाचलेस किंवा वर्गात ऐकलेस. पाहिलेल्यावरून वाचलेल्यापर्यंत तू कशी पोहोचलीस, ती वाट उत्तरात कुठेच नाही. परीक्षकाला तीच वाट हवी असते. ती दाखवली नाही, तर ‘कुत्रा म्हणजे निष्ठा’ हे पाढ्यासारखे होते, आणि पाढा म्हणायला चित्र समोर असण्याची गरजच नसते.

आता त्याच चित्रात तू न लिहिलेल्या एका जागी जाऊ. डावीकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलेस, तर फळे धरलेले चेरीचे झाड दिसते, म्हणजे बाहेर उन्हाळा आहे. आत मात्र दोघांच्याही अंगावर फर लावलेले जड कपडे आहेत. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेव. उकाड्यात कोणी सहज म्हणून फर घालून घरात उभे राहत नाही. हे कपडे दाखवण्यासाठी घातले आहेत. खिडकीच्या कट्ट्यावर आणि तिच्याखालच्या पेटीवर संत्री ठेवली आहेत, आणि उत्तर युरोपात हे फळ दक्षिणेकडून आणावे लागे. पितळी झुंबर, लाल पडद्यांचा पलंग, आरसा, हे सगळे आता एकाच सुरात बोलू लागते: हे व्यापाऱ्याचे घर आहे आणि ते तसे दिसावे, अशी इच्छा चित्रामागे आहे. हे झाले विश्लेषण. यात मी एकही अवघड शब्द वापरलेला नाही.

तुझी तीन विधाने तर थेट दुरुस्त करण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे ‘स्त्री गरोदर आहे’. तिने पोशाखाचा भरघोस घोळ पोटाशी उचलून धरला आहे, एवढेच चित्रात दिसते. त्या काळच्या चित्रांत कुमारिका असलेल्या संतस्त्रियांचे पोशाखही याच घाटाचे दिसतात, त्यामुळे गरोदरपणाचा निष्कर्ष टिकत नाही.

दुसरे म्हणजे ‘विवाहाचा दाखला आहे’. कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये हा अर्थ मांडला आणि तो दीर्घकाळ मान्य राहिला. पुढे १९९० च्या दशकात असे कागदपत्र पुढे आले, की ज्या आर्नोल्फिनीचे हे चित्र मानले जात होते, त्याचा विवाह १४४७ मध्ये झाला होता. चित्र १४३४ चे आहे आणि चित्रकार १४४१ मध्ये वारला. त्यामुळे चित्रातला पुरुष बहुधा त्याच घराण्यातला दुसरा कोणी असावा, असे आता मानतात. याचा अर्थ पानोफ्स्की टाकाऊ ठरले, असा नाही. पण ‘आहे’ या क्रियापदाच्या जागी ‘असा अर्थ पानोफ्स्की यांनी लावला’ हे यायला हवे. या विषयात क्रियापदे फार जपून वापरावी लागतात.

तिसरे म्हणजे ‘वास्तववादी’. कोणत्या बाबतीत? कुत्र्याची लव, पितळेची चकाकी आणि फरचा पोत यांत हे चित्र विलक्षण बारकाईचे आहे. पण जमिनीच्या फळ्या, खिडकी आणि छत यांच्या रेषा वाढवून पाहिल्यास त्या एका बिंदूत मिळत नाहीत. साधारण १४२७ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मसाच्चोने ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्रात गणिताने बांधलेले यथादर्शन, म्हणजे रेषा एका बिंदूत मिळवून सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास देण्याची रीत, वापरले होते. म्हणजे ‘खऱ्यासारखे दिसणे’ ही एकच गोष्ट नाही: एकाने वस्तूंच्या पृष्ठभागातून ते साधले, दुसऱ्याने अवकाशाच्या मोजमापातून. एवढे एक वाक्य लिहिलेस, तरी ‘वास्तववादी’ या शब्दाला वजन येईल. ‘सुंदर’ मात्र खोडून टाक, कारण त्यावर कोणाला काहीच विचारता येत नाही.

प्रतिवाद

गवाक्ष यांचे विवेचन आवडले, तरी एक धोका दिसतो म्हणून लिहीत आहे. हल्ली ‘पाठांतर करू नका, पाहायला शिका’ हे सगळीकडे ऐकू येते आणि ते कानाला गोडही लागते. परंतु पाहण्याने सगळे कळते, हे खरे नाही.

सांचीच्या मोठ्या स्तूपाचे पूर्वेचे तोरण घ्या. मधल्या आडव्या शिळेवर एक घोडा नगराबाहेर पडताना कोरला आहे. तोच घोडा पुन्हा पुन्हा येतो, त्याच्या पाठीवर कोणीही नाही, आणि तरीही त्या रिकाम्या पाठीवर छत्र धरलेले आहे. शेवटी छत्र घोड्यावरून हलते आणि दोन पावलांच्या ठशांवर येते. परतणाऱ्या घोड्यावर ते नाही. ज्याला सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची, म्हणजे गृहत्यागाची, कथा ठाऊक नाही आणि त्या काळच्या शिल्पात बुद्धाची मानवी आकृती न दाखवता पाऊलठसे, बोधिवृक्ष, रिकामे आसन अशा खुणांनी त्याचे असणे सुचवत असत, हेही माहीत नाही, तो तासभर टक लावून बसला, तरी त्याला घोड्यांची मिरवणूकच दिसेल. जे शिल्पात मुद्दाम दाखवलेलेच नाही, ते डोळ्यांना कसे दिसणार?

तीच गोष्ट तारखांची. कोणती कृती आधीची आणि कोणती नंतरची, हे पक्के डोक्यात नसेल, तर प्रभाव, परंपरा, बंडखोरी यांविषयी लिहिलेले सगळेच हवेत राहते. तेव्हा ‘कोरी चौकट’ यांनी पाठांतर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गवाक्ष

मान्य. सांचीचे उदाहरण माझ्या बोलण्याला आवश्यक तो चाप लावते. तरीही एक गोष्ट नोंदवतो: छत्र कोणाच्याही डोक्यावर नाही आणि तरीही ते कोणीतरी धरून चालले आहे, ही विसंगती ज्याच्या लक्षात येते, त्यालाच ‘हे असे का?’ हा प्रश्न पडतो. कथा ठाऊक असलेला पण शिळेकडे नीट न पाहणारा विद्यार्थी ‘येथे महाभिनिष्क्रमण दाखवले आहे’ असे लिहून मोकळा होतो, आणि छत्र घोड्यावरून पावलांवर सरकते, ही शिल्पकाराची खरी करामत त्याच्या उत्तरात येतच नाही. माहितीशिवाय अर्थ लागत नाही हे खरे. पण छत्राकडे लक्ष गेले नाही, तर ती माहिती कशासाठी हवी, हेच कळत नाही.

तैलरंग

माझे काम जुन्या चित्रांच्या जतनाशी संबंधित आहे, म्हणून एका वेगळ्या अडचणीकडे लक्ष वेधते. पाठ्यपुस्तक सगळ्या कलाकृतींना एकाच मापाचे करून टाकते. पिकासोचे ‘गेर्निका’ (१९३७) आणि दालीचे ‘स्मृतीचे सातत्य’ (१९३१) ही दोन्ही चित्रे पानावर अर्ध्या पानाची असतात. प्रत्यक्षात पहिले सुमारे ३.५ मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, तर दुसरे जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडेसेच मोठे. एकापुढे उभे राहिल्यावर माणूस त्याच्या आत सापडतो. दुसऱ्याकडे पाहायला वाकावे लागते. हा फरक लक्षात न घेता दोन्हींच्या ‘परिणामा’विषयी लिहिलेले सगळे अंदाजपंचे ठरते.

यावर मी सुचवत असलेला उपाय अगदी साधा आहे. मोजपट्टी घेऊन २४ बाय ३३ चा कागद कापावा आणि भिंतीवर लावावा. मोठ्या चित्रासाठी मोकळ्या जागेत जमिनीवर खडूने चौकट आखावी आणि तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जावे. ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ ही सुमारे ८२ बाय ६० सेंटिमीटरची ओकची फळी आहे. त्या मापाचा कागद समोर धरला, की आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांचे दहा प्रसंग किती इवल्याशा जागेत रंगवले असतील, याची कल्पना येते आणि मग ‘बारकाई’ हा शब्द लिहिताना हात थोडा थबकतो.

माध्यमाविषयीही असेच आहे. विद्यार्थी भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि गिलावा वाळताना रंग त्यातच बांधला जातो, त्यामुळे चित्रकाराला रोज जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा करावा लागतो. अजिंठ्याची चित्रे कोरड्या पृष्ठभागावरची आहेत. लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हेही कोरड्या भिंतीवरचे. त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करत काम करायचे होते, आणि त्याची किंमत म्हणजे ते चित्र त्याच्या हयातीतच पोपडे धरू लागले. माध्यमाचे नाव उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून विसरून जायचे नसते. चित्र असे का दिसते, याचे कारण पुष्कळदा तिथेच असते.

टिपणवही

मी हा विषय काही वर्षांपूर्वी शेवटच्या परीक्षेला घेतला होता आणि सुरुवातीला माझीही ‘कोरी चौकट’ यांच्यासारखीच गत होती. मला ज्या एका सवयीने तारले, ती सांगतो.

वहीची समोरासमोरची दोन पाने एका कलाकृतीला द्यायची. डाव्या पानावर पुस्तक मिटून, आठवेल तेवढा आराखडा पेन्सिलीने काढायचा. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही, काड्यांची माणसेही चालतात. मग पुस्तक उघडून पाहायचे, की काय राहिले. जे राहिले ते बहुधा तुम्ही पाहिलेलेच नसते. उजव्या पानावर कर्ता, काळ, माध्यम, माप, आश्रयदाता आणि मूळ जागा या गोष्टी, आणि त्याखाली फक्त ‘का’ने सुरू होणारे प्रश्न.

दुसरे तुलनेविषयी. जवळजवळ प्रत्येक प्रश्नपत्रिकेत तुलनेचा प्रश्न असतो आणि बहुतेक जण अर्धे उत्तर पहिल्या कृतीवर, अर्धे दुसऱ्या कृतीवर लिहून ‘अशा प्रकारे दोन्हींत फरक आहे’ म्हणून थांबतात. ती तुलना होत नाही, तो एका कागदावर लिहिलेला दोन उत्तरांचा संच होतो. गलायथ या धिप्पाड योद्ध्याला गोफणीने मारणाऱ्या, बायबलमधल्या दाविदाची तीन शिल्पे, फ्लॉरेन्समधली दोन आणि रोममधले एक, घेऊन मी सराव केला. दोनातेल्लोचा कांस्याचा दाविद गलायथचे तुटलेले शिर पायाखाली घेऊन उभा आहे, म्हणजे युद्ध संपले आहे. मायकेलअँजेलोच्या ५.१७ मीटर उंचीच्या संगमरवरी दाविदाच्या (१५०१ ते १५०४) खांद्यावर गोफण आहे, कपाळावर आठी आहे आणि शत्रूचा कुठे पत्ताच नाही, म्हणजे युद्ध अजून व्हायचे आहे. बेर्निनीचा दाविद (१६२३-२४) ओठ दाबून, कमरेतून पूर्ण पिळवटून धोंडा फेकण्याच्या ऐन क्षणात आहे. आता शिल्पकारागणिक तीन परिच्छेद लिहिण्याऐवजी ‘क्षण’, ‘शरीराचा तोल’, ‘पाहणाऱ्याची जागा’ या मुद्द्यांवर परिच्छेद लिहिले आणि प्रत्येकात तिघांना आणले, की तुलना आपोआप होते. बेर्निनीचा गलायथ कुठे आहे, या प्रश्नाचे ‘आपल्या पाठीमागे’ हे उत्तर मला परिच्छेद लिहिता लिहिता सुचले, आणि मग परीक्षेत माझे सर्वांत चांगले उत्तर तेच झाले.

पाहण्यासाठी दोन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवण्याची ही पद्धत जुनीच आहे. कला-इतिहासकार हाइनरिश व्योल्फलिन दोन प्रक्षेपकांवर दोन चित्रे एकत्र दाखवून शिकवत असत आणि १९१५ च्या त्यांच्या ग्रंथातल्या ‘रेखात्मक व रंगात्मक’ (आकार रेषेने बांधलेला की रंगाच्या डागांतून उमटणारा) यांसारख्या पाच जोड्या त्याच रीतीच्या आहेत. त्या जोड्या पाठ करून प्रत्येक चित्राला चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. मी तो टाळला नव्हता आणि त्यात गुण गेले.

पायरी

विषयाशी निगडित एक व्यावहारिक शंका. माझ्या मुलीला हा विषय घ्यायचा आहे, पण पुढे याचा उपयोग काय, असे घरातले सगळे विचारतात. शिवाय हा विषय शाळांतून बंद होत चालला आहे, असेही ऐकले. त्यात तथ्य आहे का?

गवाक्ष

बंद होण्याची वेळ आली होती, ती इंग्लंडमध्ये. तिथे ए-लेव्हलला (आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला) कलेचा इतिहास घेणारे एकच परीक्षा मंडळ उरले होते आणि २०१६ मध्ये त्यानेही विषय सोडण्याचे जाहीर केले. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि दुसऱ्या मंडळाने नवा अभ्यासक्रम तयार करून तो २०१७ पासून सुरू केला. अमेरिकेतल्या एपी, म्हणजे शाळेतच घेता येणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या, अभ्यासक्रमात या विषयासाठी २५० ठरावीक कलाकृतींची यादी आहे आणि त्या जगभरातून निवडलेल्या आहेत. इटलीत हा विषय अनेक माध्यमिक शाळांच्या नेहमीच्या वेळापत्रकातच असतो. आपल्याकडे सीबीएसईच्या चित्रकला विषयात लेखी भाग ३० गुणांचा असतो आणि तो मुख्यतः भारतीय कलेच्या इतिहासाचा आहे. उरलेले ७० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे विषय घेण्याआधी मुलीच्या मंडळात तो स्वतंत्र आहे की प्रात्यक्षिकाला जोडलेला, हे पाहून घ्यावे. ज्यांना चित्र काढता येत नाही, त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

उपयोगाबद्दल थोडक्यात: संग्रहालये, जतन, वास्तुकला, रचनाकला आणि पत्रकारिता या वाटा सरळ दिसतात. याहून अधिक आश्वासन देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रतिवाद

यादीचा विषय निघालाच आहे, तर विद्यार्थ्यांनी हेही विचारावे, की ती यादी कोणी केली. जॉर्जो वासारी यांनी १५५० मध्ये कलावंतांची चरित्रे लिहिली, तेव्हा फ्लॉरेन्स केंद्रस्थानी ठेवले, आणि पुढची कित्येक शतके कलेचा इतिहास त्याच खिडकीतून पाहिला गेला. कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मध्ये ‘थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत?’ हा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल कलाशाळांचे बंद दरवाजे दाखवले. उदाहरणार्थ, नग्न मानवी देहावरून रेखाटन शिकण्याची मुभा स्त्रियांना शतकानुशतके नव्हती. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचे शिर कापणाऱ्या, बायबलकथेतल्या ज्युडिथचे आर्तेमीझिया जेंतिलेस्की हिने काढलेले चित्र कारावाज्जोच्या त्याच विषयावरच्या चित्राशेजारी ठेवून पाहा. त्याची ज्युडिथ हात लांब ठेवून, अंग मागे घेऊन तलवार चालवते. हिची ज्युडिथ बाह्या सारून पूर्ण भार देते आणि दासीही होलोफर्नेसला दाबून धरते. तुलनेच्या सरावासाठी याहून चांगली जोडी मला ठाऊक नाही.

कोरी चौकट

सर्वांचे मनापासून आभार. ८२ बाय ६० चा कागद कापून भिंतीवर लावला आणि कालची संध्याकाळ त्याच एका चित्राशी काढली. पुस्तक मिटून आराखडा काढल्यावर लक्षात आले, की डाव्या कोपऱ्यातल्या काढून ठेवलेल्या लाकडी पादुका माझ्या उत्तरात तर नव्हत्याच, पण त्या चित्रात आहेत हेही मला आठवत नव्हते. नवे उत्तर पूर्ण झालेले नाही. आरशाविषयीचा परिच्छेद तेवढा देते.

‘मागच्या भिंतीवरच्या बहिर्वक्र आरशात दांपत्याची पाठ दिसते आणि त्यांच्या समोर, दारात, आणखी दोन व्यक्ती दिसतात. त्या दोघांची जागा चित्राच्या बाहेर, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूला आहे. त्यामुळे चित्रातली खोली चौकटीपाशी संपत नाही, ती आपल्यापर्यंत येते. आरशाच्या वर भिंतीवर ठळक अक्षरांत “यान व्हान आइक येथे होता, १४३४” असे लिहिले आहे. चित्रकार सहसा “हे याने केले” अशी सही करतो; येथे “होता” हे क्रियापद आहे. या क्रियापदामुळे व आरशातल्या दोन आकृतींमुळे चित्रकार साक्षीदार म्हणून हजर होता, असा अर्थ पानोफ्स्की यांनी लावला. तो विवाहच होता की नाही, याविषयी आता शंका असली, तरी चित्रकाराने आपल्या उपस्थितीवर भर दिला आहे, हे चित्रातूनच सिद्ध होते.’

गवाक्ष

हे विश्लेषण आहे. ‘होता’ या क्रियापदापाशी तू थांबलीस, ते पाहून विशेष बरे वाटले. फक्त शेवटच्या ओळीतले ‘सिद्ध होते’ काढ आणि ‘सूचित होते’ लिही. आणि पादुकांचा परिच्छेद लिहिताना मागे बाकापाशी असलेले लाल जोडे विसरू नकोस.